परक्यांचा भाव

कुणी “स्वस्तात मस्त जमीन मिळतेय” म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. वीस वर्षं हेच काम करतेय. स्वस्त जमिनीमागं काहीतरी असतंच: दलदल, कोर्टकज्जा नाहीतर कुणाचं तरी अज्ञान. ते शोधून काढायचा पगार मला मिळतो, आणि चांगला मिळतो.

त्या सोमवारी शंतनू दाबके नेमकं तेच म्हणत माझ्या टेबलाशी आले. दाबके म्हणजे आमच्या सह्यमेरू गुंतवणूक निधीचे प्रमुख. माणूस हुशार, पण नफा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

“काळोखे मॅडम, करवड्याच्या पठाराचं मानक बघितलंत? वर्षभरात निम्म्यावर आलंय! आपण मानकाच्या वर पंचवीस टक्के दिले तरी लोक आपल्याला दुवा देतील. पुढच्या सोमवारी मांडव घालून एका दिवसात सगळ्या सह्या घेऊन टाकू.”

“निम्म्यावर का आलं?”

“का आलं ते कशाला? आलं ना!”

“साहेब, बोकड अर्ध्या किमतीत मिळाला तरी जिवंत आहे का बघूनच घेतात.”

ते हसले, पण मला काही हसू येईना. करवडे माझं माहेर. तिथलं पाणी, माती, वारा मला पाठ आहे. गेल्या वर्षभरात पठारावर ना दुष्काळ पडला होता, ना रस्ता खचला होता. उलट नव्या महामार्गाची आखणी झाली होती. भाव चढायला हवा होता.

मानक काढणारं पारख हे यंत्र ज्यांनी वापरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी जमिनीचा भाव शेजाऱ्याच्या जमिनीवरून काढायचे. पण शेजाऱ्याच्या रानात विहीर असते आणि तुमच्या रानात कातळ, मग तुलना कसली? पारख शेजार बघतच नाही. उपग्रह वरून पृथ्वीच्या ओढीतला बारीकसा फरक मोजतात, त्यावरून त्या भागात खाली पाणी किती ते कळतं. मातीचा ओलावा, उतार, रात्रीचे दिवे, रस्त्यावरची वाहनं असे चारेकशे आकडे मिळून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची कुंडली तयार होते. मग पारख त्या कुंडलीशी जुळणारे तुकडे शोधते. आम्ही त्यांना जुळी म्हणतो. जुळी जमीन अलीकडे केवढ्याला विकली गेली, ते तुमच्या जमिनीचं मानक. सौदा मानकाच्या खाली असला तर घ्या, वर असला तर का ते विचारा. इतकं सोपं.

यात एकच पथ्य. व्यवहार परक्यांमधला हवा. बाप मुलाला देतो, काका पुतण्याला देतो, त्यात माया असते किंवा भांडण असतं, भाव नसतो. म्हणून पारख घरातले व्यवहार बाजूला काढते आणि फक्त परक्यांचे धरते.

आता बँका कर्ज देताना पारखेचं मानक बघतात, कोर्ट वाटणी करताना बघतं, सरकार मोबदला देताना बघतं. सगळ्यांच्या हातात एकच फूटपट्टी आली की ती चुकली तर सगळ्यांचंच चुकतं. म्हणून कायद्यानं प्रत्येक तालुक्याच्या मानकावर एका जिवंत माणसाची सही लागते. त्या माणसाची त्या तालुक्यात जमीन असता कामा नये. वारसानं आली तर वर्षभराची सवलत, तोवर जमीन सोडा नाहीतर सही सोडा.

करवडे तालुक्याच्या मानकाचं कंत्राट आमच्या निधीकडे होतं, आणि सही माझी होती. आणि आमच्या आप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या जमिनीवर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, रणजितदादाचं, नाव लागलं होतं. शनिवारच्या वर्षश्राद्धाला जाऊन मी दादाला हक्कसोड लिहून देणार, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. मला पुण्यात काय कमी आहे? आणि दादाची ती रोजीरोटी. त्याचा फवारणीच्या ड्रोनचा धंदा आहे, पण जीव रानात.

श्राद्ध झालं, पंगती उठल्या. वहिनीनं ताटात पैठणी आणि खण ठेवून आणला, आणि दादानं शेजारी कागद ठेवला. जांभळा रंग मला आवडतो हे वहिनीनं लक्षात ठेवलं होतं. मला बरं वाटलं. माहेरी कुणी आपली आवड लक्षात ठेवतं याचं सुख चाळिशीनंतरही काही कमी होत नाही.

“वाचून बघ,” दादा म्हणाला. “तू वाचल्याबिगर सही करत नाहीस, ठाऊक आहे मला.”

“पगार त्याचाच मिळतो,” मी म्हटलं आणि वाचायला लागले. लिहून देणार, सौ. वर्षाराणी काळोखे. लिहून घेणार, श्री. रणजित भोईटे. मोबदला, अठरा हजार.

“हे अठरा हजार कसले?”

“साडीचोळीचे. बहिणीचं फुकट घेतलं की तळतळाट लागतो, आप्पा म्हणायचेच की. म्हणून साडीची किंमत कागदात लिहायची. सगळं गाव लिहितं. करवड्यात शून्य लिहिणारा भाऊ तुला सापडायचा नाही.” दादा अभिमानानं सांगत होता. “आणि यंदा तर रांगच लागलीय. तुमच्या साहेबांचा माणूस फिरतोय ना, तो म्हणतो, आधी बहिणींच्या सह्या उरका, जमीन मोकळी करा, मगच सोमवारी मांडवात या.”

मी पेन खाली ठेवलं. “तू विकतोयस? रान विकतोयस दादा?”

“मग काय करू? तुझंच यंत्र सांगतंय भाव पडतोय म्हणून. आज निम्मा झालाय, उद्या पाव होईल. बँकेनं कर्जाची मर्यादासुद्धा कमी केली. तू सही केलेलं मानक आहे वर्षा, मी त्याच्यावर विश्वास ठेवू नको का?”

मी कागद पुन्हा बघितला. या वेळी बहीण म्हणून नाही, पारख म्हणून. देणारी काळोखे, घेणारा भोईटे. आडनावं वेगळी. मोबदला शून्य नाही.

अगं बाई!

मी लॅपटॉप काढून ओट्यावरच बसले. पारख घरातले व्यवहार ओळखते कसे? कुटुंबाची सरकारी नोंद वापरायला खासगीपणाचा कायदा आड येतो. म्हणून ते यंत्र बनवणाऱ्यांनी दोन सोप्या खुणा धरल्या होत्या: आडनाव एक असेल किंवा मोबदला शून्य असेल, तर घरातला व्यवहार. राज्यभर हे बरं चालत होतं, कारण बाकी ठिकाणी हक्कसोडीला बहुतेक शून्यच लिहितात. करवड्यानं तळतळाटाच्या भीतीनं आकडा लिहिला, आणि बहिणींची आडनावं लग्नात बदललेली. यंत्राच्या लेखी कुणी काळोखे, कुणी शेडगे, कुणी पिसाळ अशा परक्या बायका येत होत्या आणि साडीच्या किमतीत जमीन विकून जात होत्या. गुंतवणूकदार जवळ आला की बहिणींच्या सह्या वाढायच्या, पठाराची जुळी बहुतेक पठारावरच, म्हणून सह्या वाढल्या की मानक पडायचं, मानक पडलं की घाबरून भाऊ विकायला निघायचे. दाबक्यांना कुणाला घाबरवायची गरजच नव्हती. गाव आपल्याच हातानं आपला भाव पाडत होतं.

दस्तात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ असा रकाना असतो. तिथं बहिणीचं माहेरचं आडनाव व्यवस्थित लिहिलेलं असतं. पण पुरुषांच्या नोंदीत तो रकाना रिकामा, म्हणून अर्ध्याहून जास्त ओळी कोऱ्या. आणि आमच्या धंद्याचा रिवाज असा, की जो रकाना फार कोरा असेल तो काढून टाकायचा. कुणा शहाण्यानं तो पहिल्याच दिवशी काढून टाकला होता.

मी तो परत जोडला आणि नुसता करवड्याचा हिशोब पुन्हा करून पाहिला. दहातले सहा व्यवहार बाजूला झाले. मानक तिपटीवर गेलं. आजच्या आकड्याच्या तिप्पट!

“दादा, सोमवारी त्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. गावालाही सांग. भाव खोटा आहे.” मी सगळं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं. मग ताटातल्या पैठणीकडे बघत म्हणाला,

“म्हणजे आता तू सही करणार न्हाईस.”

“असं कुठं म्हणाले मी?”

“न म्हणता कळतं. काल जमीन कवडीमोल होती तवर ‘दादा, तूच ठेव’. आज तिप्पट झाली तर पेन खाली.”

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. राग आला, आणि रडूही आलं. मी तिथून उठले आणि गोठ्यामागं जाऊन दाबक्यांना फोन लावला. सगळं स्वच्छ सांगितलं, आणि सोमवारच्या आधी मानक दुरुस्त करणार हेही सांगितलं.

दाबक्यांचं उत्तर तयार होतं. “सौदे होऊन जाऊ देत. नंतर दुरुस्त करा. चूक काय आपण मुद्दाम केलेली नाही.”

“माहीत झाल्यावरही करत राहिलो तर मुद्दामच होते, साहेब.”

“मॅडम, एक विचारू? तिथं तुमची जमीन आहे ना?” आवाज एकदम गोड झाला. “जिची जमीन तिनंच मानक तिप्पट केलं, असं दिसलं तर दुरुस्ती रद्द होईल आणि तुम्ही आयुष्यातून उठाल. सवलत उद्या संपतेय. एक तर ती सही सोडा, मी दुसरा माणूस नेमतो. नाहीतर जमीन सोडा. लिहून द्या भावाला, साडी घ्या, मग करा काय करायचं ते!”

माणूस हुशार आहे हे मी आधीच म्हटलंय. मी सही सोडली तर त्यांचा माणूस येणार, तो काहीही दुरुस्त करणार नाही आणि गाव सोमवारी बुडणार. गाव वाचवायचं तर साडीवर जमीन सोडायची. म्हणजे ज्या चालीनं एवढा घोळ झाला, तीच चाल मी पुढं चालवायची. त्या सकाळपर्यंत मी आनंदानं सोडणार होते, हे खरं. पण खुशीनं देणं निराळं आणि कोंडीत धरून काढून घेणं निराळं. आता मला ते मुळीच द्यायचं नव्हतं.

गोठ्याला एक फेरी मारली आणि मला सुचलं. मला माझं काम येतं, उगाच नाही वीस वर्षं टिकले. मी तडक ओट्यावर आले.

“दादा, हक्कसोड नाही. तू माझा हिस्सा विकत घे.”

“काय?”

“विकत. खऱ्या भावानं, आत्ता काढला त्या तिपटीनं. खरेदीखत करू. पैसे पाच वर्षांत दे, व्याज नको. जमीन माझ्या नावावरून गेली की मी मोकळी. माझा भाव ठरला, नोंदला, मग मानक चढो नाहीतर पडो, मला पैसुद्धा जास्त मिळणार नाही. मग मी दुरुस्ती केली तर ती रद्द करायची कुणाची छाती आहे बघू!”

“डोकं फिरलं काय तुझं?” दादा उभाच राहिला. “गावात तोंड दाखवायला जागा राहील का? कुठल्या भावानं बहिणीला जमिनीचे पैसे मोजलेत? लोक म्हणतील, रणजित भोईट्याची बहीण पैशाच्या मागं लागली!”

“मागं कशाला लागू? तुझा दुपटीनं फायदा होतोय त्यात. रान तुझ्याकडे राहतंय, आणि सोमवारी जे तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीला घालवणार होतास ते पूर्ण भावाचं होतंय.”

“ते हिशोबाचं झालं. मी नात्याचं बोलतोय.”

इतका वेळ हौसाआत्या खांबाला टेकून सुपारी कातरत बसली होती. आप्पांची धाकटी बहीण, शेडग्यांच्या घरात दिलेली. तिनं अडकित्ता बाजूला ठेवला.

“वर्षे, तुझ्या त्या यंत्राला इचार, माझा तुकडा केवढ्याचा व्हता. ओढ्याकडचा. मी तुझ्या आप्पाला लिवून दिलेला.”

“कशाला आत्या, आता?”

“इचार म्हंते ना!”

मी काढला. आकडा सांगितला. आत्यानं तो पुन्हा सांगायला लावला. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. आत्याच्या नवऱ्यानं आजारपणात घर गहाण टाकलं होतं आणि ते शेवटी सुटलंच नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्या पैशात ते चार वेळा सुटलं असतं.

“आप्पा लई गुणाचा व्हता,” आत्या म्हणाली. “कधी रिकाम्या हातानं धाडलं न्हाई. पर रणजित, मागायचं माझ्या मनात आलं न्हवतं असं समजू नगंस. धा डाव आलं. माहेर तुटंल म्हून मागितलं न्हाई. दर दिवाळीला या दारात येताना मला भ्या वाटायचं, आपलं काय चुकलं तर हे दार बंद व्हईल. लिवून दिलं तवाच परकी झाले की मी! हिला तसं करू नगंस. पैसं दिल्यानं नातं तुटत असंल तर तुटू दे मेलं, ते आधीच पातळ व्हतं.”

दादा आत्याजवळ जाऊन खाली बसला. “मला कधी बोलली नाहीस,” एवढंच म्हणाला. आत्यानं त्याच्या टकलावर टपली मारली. “तू कवा इचारलंस?”

मग तो माझ्याकडे वळला. “मुद्रांक शुल्क केवढं बसंल?”

मी सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. “आयला! सरकारचं पोट भरायला निघालीयस.” पण त्यानं हक्कसोडीचा कागद फाडला, आणि वहिनीनं ते तुकडे चुलीत टाकले. मी तेवढ्यात रडून घेतलं. उगाच मन घट्ट केल्याचा आव आणायची मला सवय नाही.

आमच्या तालुक्याचं नोंदणी कार्यालय रविवारीही उघडं असतं, आणि रविवार माझ्या सवलतीचा शेवटचा दिवस होता. खिडकीतल्या बाई आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, “भाऊ-बहीण? हक्कसोडीचा नमुना तिकडे आहे.”

“हक्कसोड नाही,” दादा म्हणाला. “खरेदीखत.”

“अहो, हक्कसोड करा की! शुल्क वाचेल तुमचं. सगळे तेच करतात.”

“सगळे करतात ते बघितलं आम्ही. खरेदीखतच लिहा. विकणारी माझी बहीण, घेणार मी.”

“मोबदला?”

दादानं आकडा सांगितला. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मागच्या बाकावर पिसाळांच्या घरातला कुणीतरी आपल्या बहिणीला घेऊन बसला होता. तो दादाकडे बघतच राहिला आणि त्याची बहीण माझ्याकडे. दादानं एकदा खाकरून तो आकडा मोठ्यानं पुन्हा सांगितला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की त्या खिडकीसमोरच त्याला मिठी मारावीशी वाटली.

अंगठे उमटले, दस्त झाला. करवडे तालुक्यात आता माझी गुंठाभरही जमीन नव्हती. मी बाहेर पायरीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, पूर्वाश्रमीच्या नावाचा रकाना पारखेत परत जोडला, कारण लिहिलं, दस्ताचा क्रमांक आणि घेणाऱ्याशी माझं नातं देऊन माझा हितसंबंध संपल्याचं लिहिलं आणि सही केली. यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग पठाराचं मानक वर वर जात तिपटीपाशी थांबलं.

अर्ध्या तासात गावातले फोन वाजायला लागले. मांडववाल्याचा फोन आला, उद्याचं काय करू म्हणून विचारत होता. दाबक्यांचे सात फोन आले. आठवा मी उचलला आणि सांगितलं, “साहेब, पठार हवं असेल तर आजच्या मानकानं या. जमीन चांगली आहे, माझी शिफारस आहे. आणि मला काढायचं असेल तर लेखी कळवा, तुमच्या शेजारच्या निधीनं मला दोनदा बोलावलंय.” त्यांनी फोन ठेवला. काढलं मात्र नाही. चांगला माणूस स्वस्तात मिळत नाही, हे त्यांना कळतं.

दादा चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारी टेकला. “आपला सौदा दिसतो का गं तुझ्या यंत्रात? दाखव की. सगळ्या तालुक्यात पहिला खरा भाव आपला. मानकात आपलाच आकडा वर असंल.”

मी शोधला. दस्त आला होता. दादानं चष्मा चढवला आणि शब्द लावत वाचायला लागला. “देणार, वर्षाराणी काळोखे. पूर्वाश्रमीचे नाव, भोईटे. घेणार, रणजित भोईटे. मोबदला... बरोबर आहे.” मग त्याची मान पुढं आली. “हे काय? ‘हा व्यवहार मानकात धरलेला नाही’?”

“नाही धरलेला.”

“का पण? पै न् पै द्यायची कबूल केलीय मी! शुल्क भरलंय! तालुक्यातला एकटा खरा सौदा, आणि तोच धरत नाही? मग धरतंय तरी काय तुझं यंत्र?”

“फक्त परक्यांचे व्यवहार, दादा.”

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आमच्या दस्तासमोर पारखेनं कारण लिहिलं होतं. ते त्यानं एकदा मनात वाचलं, आणि मग मला ऐकू येईल असं मोठ्यानं वाचलं.

“सख्खी बहीण.”